फिनिक्समधली भिंत आणि दर फेब्रुवारीला परत येणाऱ्या मधमाश्या

आई साताऱ्याहून आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसहाला तिने मला हलवून उठवलं. "अरे, ती मागची भिंत गुणगुणतेय." मी म्हटलं, फ्रीज असेल. तिने स्टीलचा पेला भिंतीला उपडा लावला, बुडाला कान टेकवला आणि मला बोटाने बोलावलं. फ्रीज नव्हता. मग मी भिंतीवरून हात फिरवला. सगळी भिंत गार, पण छातीच्या उंचीवर ताटाएवढा भाग कोमट. बाहेर सहा-सात अंश असताना भिंतीला ऊब कुठली? पोळ्यात जिथे अंडी-अळ्या असतात तिथे मधमाश्या ३४-३५ अंश राखतात. आमच्या खोलीत आणि त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या फळीचा पडदा होता.

हे आमच्याकडे दुसऱ्यांदा होत होतं. तीच भिंत, तोच महिना. आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या आग्नेयेला चँडलरमध्ये भाड्याने राहतो. इथे आपली मंडळी पुष्कळ आहेत आणि दर वसंतात कुणाच्या ना कुणाच्या अंगणातला, संत्र्याच्या झाडाला फणसासारखा लोंबणारा माश्यांचा घोळका फोनवर येतो. खाली सल्ल्यांची रांग: धूर कर, पाणी मार, रात्री टेंभा लाव. मीही आधी तेच केलं असतं. म्हणून काय चुकलं आणि शेवटी काय लागू पडलं, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी बघा: लोंबतोय की आत-बाहेर करतोय?

या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे पैसे इथेच वाया जातात.

फांदीला, कुंपणाला किंवा गाडीच्या आरशाला लोंबणारा उघडा घोळका म्हणजे स्वार्म. जुनी राणी वसाहतीतल्या निम्म्याअधिक माश्या घेऊन घर सोडते, वाटेत थांबते, तो हा थांबा. पोटात मध भरून घेतलेला, राखायला ना अंडी ना साठा, त्यामुळे त्या बऱ्यापैकी शांत असतात. शोध्या माश्या जागा बघून येतात, घोळक्याच्या अंगावरच नाचून दिशा आणि अंतर सांगतात आणि एकमत झालं की सगळा घोळका उठतो. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत. मुलं आणि कुत्रा घरात घ्या, त्या बाजूला गवत कापू नका आणि थांबा. पहिल्या वर्षी मी एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घोळका गेला आणि मी खूश झालो.

तो गेला आमच्याच भिंतीत. एसीच्या तांब्याच्या नळ्या जिथून आत शिरतात तिथलं सील वाळून फुटलं होतं. अंगठा जाईल एवढी फट. तीन आठवड्यांनी बघतो तर त्या फटीतून सरळ रेषेत ये-जा चाललेली आणि काहींच्या मागच्या पायांना पिवळे गोळे. परागकण आत जाताना दिसले की समजा आत अळ्या आहेत, बिऱ्हाड पक्कं झालं. आता थांबून काही होत नाही.

या दोन्हींच्या मधली एक पायरी असते आणि तीच सोन्यासारखी. पंधरा-वीस माश्या एखाद्या फटीपुढे घिरट्या घालतात, आत डोकावतात, भिंतीवर चालतात, पण पायांना पराग नसतो. त्या शोध्या असतात. रात्री त्या आपल्या घोळक्याकडे परत जातात. त्या रात्री टॉर्चने बघून आत कुणी नाही याची खात्री केली आणि फट बुजवली की काम संपलं. मोजून वीस मिनिटं. मी ती संधी दोन्ही वर्षं घालवली, कारण पंधरा माश्यांना कोण घाबरतो?

आपली माहिती इथे का चालत नाही

आपल्याकडे भीती बसलीय ती आग्या मोहोळाची. ते उघड्यावर असतं: कड्याला, पाण्याच्या टाकीखाली, वडाच्या आडव्या फांदीला. पोळं समोर दिसतं. इथली माशी आपल्या सातेरीसारखी पोकळीत राहणारी. सातेरी झाडाच्या ढोलीत नाहीतर जुन्या दगडी भिंतीत, आणि ही अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या भिंतीत. धूर करून ती भिंतीबाहेर येत नाही, उलट आणखी आत सरकते. शिवाय इथली कोरडी हवा, आतलं वाळलेलं लाकूड आणि स्टकोमागचा, म्हणजे बाहेरच्या गिलाव्यामागचा फोम. टेंभा लावायचा विचारसुद्धा करू नका, मधमाश्यांच्या आधी अग्निशमन दलाला बोलवावं लागेल.

दुसरी गोष्ट स्वभावाची. १९५७ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातल्या रिओ क्लारोजवळ संशोधनासाठी आणलेल्या आफ्रिकी राण्या त्यांच्या माश्यांसह सुटल्या. त्यांचा युरोपी मधमाश्यांशी संकर झाला आणि तो वाण उत्तरेकडे सरकत १९९० मध्ये टेक्सासात आणि १९९३ मध्ये अ‍ॅरिझोनात पोहोचला. युरोपी आणि आफ्रिकी संकरित माशी नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही, त्यासाठी मोजमाप किंवा जनुकीय तपासणी लागते. त्यामुळे दक्षिण अ‍ॅरिझोनात रानटी पोळं म्हणजे संकरितच, असं धरून चालायचं. एका डंखात विष दोघींचं साधारण सारखंच. फरक संख्येचा आहे. युरोपी वसाहतीतून दहा-वीस माश्या अंगावर येतील तिथे या शेकड्यांनी येतात आणि पाव मैलही पाठ सोडत नाहीत.

आणि त्यांच्या आवडीनिवडी साध्या आहेत. युरोपी माशीला साधारण ४० लिटरची, जमिनीपासून उंच, लहान तोंडाची पोकळी आवडते. थॉमस सीली या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलंय. संकरित माशी याहून कितीतरी लहान आणि जमिनीलगतची जागाही चालवून घेते. म्हणून फिनिक्समध्ये ती कुठेही सापडते: पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात, ठिबकच्या व्हॉल्व्हच्या हिरव्या झाकणाखाली, सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या कुंपणात, उलट्या ठेवलेल्या कुंडीत, न वापरलेल्या बार्बेक्यूत. एकदा तर रिकाम्या सुटकेसमध्ये, जी आमच्या शेजाऱ्यांनी भारतातून आल्यावर गॅरेजबाहेर टाकली होती.

आमची भिंतही हिशोबात बसते. दोन उभ्या लाकडांमध्ये साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल जागा असते. दर फुटाला दहा लिटर. आमच्या भिंतीत आतलं उष्णता अडवणारं फायबरग्लास वर्षांमागून वर्षं खाली बसत गेलं होतं आणि वर चार फूट मोकळं झालं होतं. चाळीस लिटर, जणू मापून घेतलेले.

पहिली दुरुस्ती, जी दुरुस्ती नव्हती

पहिल्या वर्षी घरमालकाने फोन करून कीटकनाशकवाला पाठवला. अर्ध्या तासात त्याने फटीत पावडर मारली, वरून स्प्रे फोम भरला, दीडशे डॉलर घेतले आणि गेला. दोन दिवसांत गुणगुण बंद. आम्ही त्या रात्री बाहेर जेवायला गेलो.

जूनमध्ये भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग आला. पुसला तर चिकट. मग काळ्या मुंग्यांची रांग, मग आंबूस वास, मग खोलीत फिरणारे करडे पतंग. झालं काय होतं? जिवंत माश्या पंख हलवून पोळं थंड ठेवतात. त्या मेल्या, पोळं तसंच राहिलं आणि बाहेर ४५ अंश. मेण मऊ झालं, मधाने भरलेले कांदे फुटले, मध खाली उतरला. आत किलोभर मेलेल्या माश्या आणि सडलेल्या अळ्या होत्या, त्या वेगळ्याच.

पण खरा घोळ पुढचा. पोळ्याचा आणि मेणाचा वास ही मधमाश्यांसाठी तयार जाहिरात असते: इथे आधी कुणीतरी संसार केलाय, जागा चांगली आहे. रिकामी पोकळी आणि जुन्या पोळ्याची पोकळी शेजारी शेजारी ठेवली तर शोधी माशी बहुतेक वेळा दुसरी निवडते. साहजिक आहे, मेण बनवायला मध लागतो आणि इथे बांधकाम फुकट. म्हणून पुढच्या फेब्रुवारीत नवा घोळका आला, त्याला फोमने बंद केलेली फट दिसली नाही, पण दीड फुटावर खिडकीच्या चौकटीची दुसरी फट दिसली. आईने पेला लावला तो त्यानंतर.

तुमच्याकडे माश्या मारूनही दरवर्षी परत येत असतील तर आधी हा एकच प्रश्न विचारा: मागच्या वेळी पोळं बाहेर काढलं होतं का? बहुतेक उत्तर "नाही" येईल. लोक याला त्याच माश्या परत आल्या म्हणतात. त्या वेगळ्या असतात, पत्ता तोच असतो.

दुसरी, जी टिकली

दुसऱ्या वर्षी मालकाला आधी लेखी कळवलं. ईमेल, डागाचे फोटो, मागच्या पावतीची प्रत. तो कॅलिफोर्नियात राहतो, त्याला "काही माश्या आहेत" सांगून काही कळणार नव्हतं. "ड्रायवॉलच्या आत मध कुजतोय आणि लाकूड ओलं आहे" म्हटल्यावर त्याच दिवशी फोन आला. भाडेकरूंनी स्वतःच्या हाताने भिंत फोडू नये आणि परस्पर माणूसही बोलावू नये. बिल आणि नुकसान दोन्ही अंगावर येऊ शकतं.

या वेळी पोळं कापून काढणारा माणूस आला. त्याला फोनवर विचारायचे प्रश्न दोनच: पोळं काढणार का, आणि भिंत बंद कोण करणार. "फक्त ट्रीटमेंट" म्हणाला तर फोन ठेवा. आठशे डॉलर झाले, मालकाने दिले.

तो पहाटे आला, उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन. पहाटेच का, तर इथे दुपारी भिंतच पोळ्याहून गरम असते, कॅमेऱ्यात सगळं एकसारखं दिसतं. डोक्यावरचा दिवा लाल, कारण मधमाश्यांना लाल रंग दिसत नाही. आतल्या बाजूने ड्रायवॉलचा चौकोन कापून त्याने बाजूला ठेवला आणि समोर उभी, एकमेकींना समांतर सात पोळी. बाहेरची दोन फिकट पिवळी, नवी. मधली काळपट, मागच्या वर्षीची, त्यांच्यावरच यांनी नवं जोडलं होतं. आई दाराच्या काचेतून बघत होती. "मध मिळेल का रे?" मागच्या वर्षीचं विष त्याच पोकळीत होतं, त्यामुळे एक थेंबही नाही. दोन बादल्या भरून कचऱ्यात गेल्या, झाकण लावून पिशवीत बांधून. उघड्यावर टाकल्या असत्या तर परिसरातल्या सगळ्या माश्या लुटायला आल्या असत्या.

माश्या त्याने वाचवल्या नाहीत. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटंही लिहायचं नाही. या भागातली भिंतीतली वसाहत तापट निघाली की मधपाळही ती घ्यायला कचरतात. नुसता लोंबणारा घोळका असेल तर मात्र नेणारा माणूस आधी शोधा. तेव्हा काम सोपं असतं आणि बऱ्याचदा स्वस्तही.

त्यानंतरचं काम माश्यांशी संबंधित वाटत नाही आणि तेच लोक टाळतात. मेण खरवडून लाकूड धुतलं. दोन दिवस वाळू दिलं. पोकळी फायबरग्लासने वरपर्यंत ठासली, म्हणजे पुन्हा वास आला तरी राहायला जागाच नाही. वासावर उपाय म्हणून आतल्या लाकडाला सीलरचा हात दिला. मग बाहेरून फटी. स्प्रे फोम एकटा वापरू नका, इथल्या उन्हात त्याचा वर्षा-दोन वर्षांत भुगा होतो. आम्ही तांब्याची जाळी कोंबली आणि वरून बाहेरच्या कामाचं सीलंट भरलं. लोखंडी काथ्या गंजून स्टकोवर डाग पाडतो.

एक सावधगिरी. भिंतीला आणि छताला काही छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात: अ‍ॅटिकची (छताखालच्या माळ्याची) हवा, स्टकोच्या तळाशी पाणी निघायची फट, गॅस हीटरची धुराची नळी. पहिल्या दोन ठिकाणी सीलंट नको, ३ मिलीमीटरची म्हणजे इथल्या मापाने एक-अष्टमांश इंची जाळी लावा, माशी जात नाही आणि हवा-पाणी जातं. गॅसच्या नळीला स्वतः हातच लावू नका.

आणि आत माश्या असताना बाहेरचं तोंड बंद करू नका. त्या उजेड शोधतात. तुमच्या बाथरूमच्या एक्झॉस्टमधून आणि दिव्याच्या खाचेतून त्या खोलीत उतरतील.

मीटरचा खड्डा आणि स्विमिंग पूल

तिसऱ्या वर्षी भिंत शांत आणि पुढच्या पदपथावरच्या मीटरच्या झाकणातून ये-जा. तो खड्डा शहराच्या पाणी विभागाचा, म्हणून तिथे फक्त फोन करायचा. आपला व्हॉल्व्ह बॉक्स मात्र आपण बघायचा: झाकणाला बोट घालायचं भोक असतं, त्याला आतून जाळी. आणि झाकण उघडण्याआधी दोन मिनिटं लांब उभं राहून बघा. माळीकाम करणारे लोक इथे बहुतेक असेच माश्यांच्या तावडीत सापडतात. गवत कापायच्या यंत्राची थरथर आणि पाने उडवायचा पंखा माश्यांना सगळ्यात जास्त चिडवतो.

स्विमिंग पुलावर येणाऱ्या माश्यांची तक्रार वेगळी. तिथे पोळं नसतं, त्या पाणी न्यायला येतात. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर जात होता, तेव्हा आमच्या पुलाच्या कडेवर माश्यांची पंगत बसायची. पोळं थंड करायला त्यांना पाणी लागतंच. एकदा पाणवठा ठरला की सवय मोडत नाही, म्हणून उपाय उन्हाळ्याआधी. मार्चमध्ये अंगणाच्या टोकाला पसरट परात, त्यात खडे, बसायला जागा राहील एवढंच पाणी, आणि परात एकदाही कोरडी पडू द्यायची नाही. पूल झाकून ठेवा. जूनमध्ये परात मांडली तर त्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, हा स्वानुभव.

अंगावर आल्या तर

पळा. सरळ रेषेत, तोंड शर्टने झाकून, घरात किंवा गाडीत शिरेपर्यंत. हात झाडू नका. पुलात उडी नको, त्या वर वाट बघतात. दोन-चार माश्या घरात सोबत आल्या तरी चालेल. मग ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला फोन. इथले अग्निशमनवाले साबणाच्या फेसाने माश्या पाडतात.

काटा लगेच काढा. नखाने, कार्डाने, चिमटीने, कसाही. तो सुटल्यावरही विष ढकलत असतो, त्यामुळे पद्धत शोधण्यात वेळ घालवू नका. लोखंड आणि चुना नंतर, आधी बर्फ. निरोगी माणसाला जीवघेणी संख्या साधारणपणे वजनाच्या दर पौंडाला दहा डंख सांगतात. म्हणजे मोठ्या माणसाला हजाराच्या पुढे, पण वीस किलोच्या मुलाला चारशे-साडेचारशे. हा हिशोब ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला लागू नाही, त्याला एकच डंख पुरतो. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर थांबू नका. वीस-पंचवीसच्या वर डंख असतील तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जा, मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसतो.

वासाचं एक. डंख मारताना सुटणाऱ्या धोक्याच्या गंधात जो मुख्य रेणू असतो, त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा. दुसरीकडे, माश्या एकमेकींना "इथे या" म्हणून जो गंध सोडतात तो गवती चहाच्या तेलाच्या जवळचा, आणि मधपाळ घोळका पेटीत ओढायला तेच तेल वापरतात. आमच्या त्या खिडकीखाली आईने लावलेली गवती चहाची कुंडी होती. जिवंत रोपाने घोळका येतो असं मी म्हणणार नाही, पण कुंडी आता पुढच्या दारी आहे.

या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पंधरा-वीस माश्या आल्या. तांब्याच्या जाळीवरून दोन तास फिरल्या, खिडकीची चौकट वरपासून खालपर्यंत तपासली आणि शेजाऱ्यांच्या ठोकळ्यांच्या कुंपणाकडे वळल्या. मी त्यांना फोन केला, तर म्हणाले, "पंधराच आहेत ना, बघू शनिवारी." गुरुवार होता. मी जाळी आणि कात्री घेऊन गेलो.